साताऱ्याचे वकील रंगो बापूजी

करवीरच्या गादीवर इ. स. १८६६ पासून १८८४ पर्यंतच्या अठरा वर्षांत तीन वेळां दत्तक पुत्राची स्थापना झाली. १८६६ सालीं बाबासाहेब महाराजांनीं आपले भाचे राजाराम महाराज यांना दत्तक घेतलें. राजाराम महाराज विलायतेहून परत येत असतां ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं निवर्तले, तेव्हां त्यांच्या मागें चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. तेही १८८३ च्या डिसेंबर महिन्यांत अहमदनगर येथें मृत्यु पावल्यावर कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजीं दत्तक येऊन शाहू छत्रपति झाले. या तिन्ही वेळां इंग्रज सरकारनें दत्तविधान मान्य केलें. हें इतकें स्वाभाविक वाटतें कीं, त्यांत कांहीं विशेष आहे अशी शंकाही कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु कोल्हापूरपासून अवघ्या पाऊणशे मैलांवर, याच भोसले कुलाच्या वडील शाखेची साताऱ्याची गादी १८४८ सालीं लयास गेली, ती केवळ दत्तक नामंजूर झाल्यामुळें. साताऱ्याच्या नामंजूर दत्तकापासून करवीरच्या पहिल्या मंजूर दत्तकापर्यंतही मोजून अठराच वर्षें होतात.

एवढ्या अल्प काळांत सरकारचें धोरण असें उलटें कां फिरलें, या प्रश्नाचें नेहमींचें उत्तर सत्तावन सालचें बंड हें आहे, आणि तें खरेंही आहे. पण ज्या न्यायाचा उच्चार बंडानंतर राजघोषणेनें झाला, तोच न्याय बंडापूर्वीं चौदा वर्षें एक महाराष्ट्रीय मुत्सद्दी लंडन शहरांत दारोदार हिंडून मागत होता. एकदां केलेला तह दोन्ही पक्षांस सारखाच बांधतो, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. त्याचें नांव रंगो बापूजी गुप्ते. त्याचा दावा फेटाळला गेला, त्याचा धनी परमुलखांत मेला, त्याचा मुलगा फांसावर गेला आणि तो स्वतः नाहींसा झाला. तथापि त्याचा मुद्दा मात्र मेला नाहीं.

ज्या धंद्याला इंग्रजींत लॉबिइस्टचा धंदा म्हणतात, म्हणजे कायदेमंडळाच्या दालनांत सभासदांना गांठून आपल्या पक्षाची बाजू त्यांच्या गळीं उतरविणें, तो आपल्याकडे नवा नाहीं. आपल्या जुन्या भाषेंत अशा मनुष्याला वकील म्हणत. आज वकील म्हटला कीं काळा डगला व कोर्टाची पायरी डोळ्यांपुढें येते; पण पेशवाईंत वकील म्हणजे एका दरबाराचा दुसऱ्या दरबारीं राहणारा माणूस. बातमी काढणें, भेटीगांठी घेणें, कोणाचें वजन कोणावर आहे हें ओळखणें, योग्य वेळीं योग्य माणसाच्या कानीं योग्य शब्द घालणें, हें त्याचें काम असे. दिल्ली, हैदराबाद, पुणें, श्रीरंगपट्टण या दरबारीं असे वकील सदैव वावरत. १८१८ त मराठी राज्य बुडालें आणि हे सर्व दरबार एका सत्तेच्या छायेखालीं आले. तेव्हां वकिलानें जावयाचें कोठें हा प्रश्न उभा राहिला. खरी सत्ता लंडनमधील लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत होती. म्हणून वकिलालाही तेथेंच जाणें प्राप्त झालें.

रंगो बापूजींच्या पूर्वीं ही वाट कांहीं लोकांनीं तुडविली होती. १७८१ सालीं राघोबादादांचा वकील हणमंतराव हा ब्राह्मण, मणियार नांवाच्या पारशी पितापुत्रांसह, लंडनला गेला होता. त्याच्या आचारविचारांस बाध येऊं नये म्हणून प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क यानें आपल्या घरच्या बागेंतील वनस्पतिगृह त्याला राहावयास व स्वयंपाकास दिलें. पुढें १८३१ त दिल्लीच्या बादशहाचे वकील म्हणून राजा राममोहन राय विलायतेस पोहोंचले व त्यांनीं बादशहाच्या नेमणुकींत वाढ करून घेतली. पण राममोहन यांचें मागणें तनख्याचें होतें. रंगो बापूजींचें मागणें राज्याचें होतें. तनखा वाढविल्यानें सरकारची चूक कबूल होत नाहीं; राज्य परत दिलें तर ती कबूल होते. या एका भेदांतच त्यांच्या पुढील अपयशाचें बीज होतें.

ज्या धन्यासाठीं हा वकील विलायतेस गेला, ते साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज. पेशवाईच्या शेवटीं इंग्रजांनीं त्यांना बाजीरावाच्या कबजांतून सोडवून १८१८ च्या एप्रिलमध्यें साताऱ्याच्या गादीवर बसविलें व २५ सप्टेंबर १८१९ रोजीं त्यांच्याशीं तह केला. या तहानें ठरलेला मुलूख महाराज व त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांच्याकडे निरंतर चालावयाचा होता. ‘वारस व उत्तराधिकारी’ हे शब्द ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. प्रारंभीं ग्रँट डफ साहेब साताऱ्यास रेसिडेंट होते, आणि १८२२ त राज्यकारभार पूर्णपणें महाराजांच्या हातीं आला. महाराज कष्टाळू, हिशेबी व प्रजादक्ष होते. महाबळेश्वरचें पठार त्यांनींच मोबदला घेऊन इंग्रजांना दिलें. त्यांच्या कारभारावर कंपनीचे डायरेक्टर इतके संतुष्ट होते कीं, १८३५ च्या अखेरीस त्यांनीं गौरवपर पत्र व एक रत्नजडित तलवार महाराजांसाठीं धाडली. ती तलवार महाराजांच्या हातीं कधींच पडली नाहीं.

मधल्या काळांत मुंबई सरकारशीं महाराजांचा जहागीरदारांच्या प्रकरणीं बेबनाव झाला होता. अक्कलकोट, फलटण, औंध, भोर, जत इत्यादि जहागिरींवरील आपला तहांतील हक्क सरकार डावलीत आहे, अशी महाराजांची तक्रार होती. आणि मुंबईस न्याय मिळत नसेल तर विलायतेस दाद मागूं, असें ते बोलूं लागले. मुंबई सरकारला ही गोष्ट झोंबणें साहजिक होतें. १८३६ त महाराजांवर आरोप आले: त्यांनीं देशी पलटणींतील सुभेदारांना फितविलें, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशीं व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं गुप्त संधान बांधलें. चौकशीसाठीं एक गुप्त कमिशन नेमलें गेलें. लॉडविक, ओव्हन्स व विलोबी हे त्याचे सभासद. ज्याच्यावर आरोप होता त्याला पुराव्याच्या नकलाही मिळाल्या नाहींत. पुढें याच ओव्हन्सची साताऱ्यास रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली. १८३९ च्या ऑगस्टमध्यें नवे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले व तहभंगाची कबुली देणाऱ्या कागदावर सही केल्यास सर्व विसरून जाण्याची तयारी त्यांनीं दाखविली. महाराजांनीं सही करण्याचें साफ नाकारलें. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांना पदच्युत करण्यांत आलें; त्यांचे धाकटे बंधु आप्पासाहेब ऊर्फ शहाजी यांना गादी मिळाली, आणि प्रतापसिंह काशीच्या वाटेला लागले.

सही केली असती तर राज्य राहिलें असतें. राज्य जावो पण खोटी कबुली नको, असा ज्यानें निर्धार केला, त्याच्या वकिलालाही मग तडजोडीचा मार्ग मोकळा राहिला नाहीं.

रंगो बापूजी हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभु ज्ञातीचे. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभु, ज्यांचें नांव शिवछत्रपतींच्या पहिल्या उद्योगाशीं निगडित आहे, ते त्यांचे पूर्वज. महाराजांनीं यापूर्वीं मीर अफझल अली, यशवंतराव शिर्के, भगवंतराव विठ्ठल इत्यादि मंडळी विलायतेस धाडली होती. मुंबईचे डॉक्टर मिल्न हेही त्यांच्या बाजूचे होते. पदच्युतीनंतर रंगो बापूजी निघाले. इतर मंडळी कालांतरानें परतली; रंगो बापूजी मात्र १८५३ अखेरपर्यंत लंडनमध्यें पाय रोवून राहिले.

तेथें त्यांना काय दिसलें? हिंदुस्थानचा कारभार तेथें एका हातीं नव्हता. कंपनीचे भाग घेणाऱ्या मालकांची एक सभा असे. हजार पौंडांचे भाग असणाऱ्यास तेथें एक मत मिळे, आणि अधिक भाग असल्यास चारपर्यंत मतें मिळत. ही सभा चोवीस डायरेक्टरांची निवडणूक करी. डायरेक्टरांच्या डोक्यावर ब्रिटिश मंत्रिमंडळाचें बोर्ड ऑफ कंट्रोल होतें. त्याहीवर पार्लमेंट. यांतील सर्वांत मोकळें दार म्हणजे मालकांची सभा. तेथें वाटेल तो मालक उठून हिंदुस्थानच्या कोणत्याही अन्यायावर तासन् तास बोलूं शके, व त्याचें भाषण छापून निघे. रंगो बापूजींनीं हेंच दार ठोठावण्याचें ठरविलें.

त्यांची कार्यपद्धति पाहण्यासारखी आहे. प्रथम त्यांनीं माणसें जोडलीं. जोसेफ ह्यूम हे पार्लमेंटांतील काटकसरीचे कट्टे पुरस्कर्ते. जॉर्ज टॉम्सन हे गुलामांच्या मुक्ततेसाठीं इंग्लंड-अमेरिका गाजविणारे वक्ते. जॉन सलिव्हन हे मद्रासेकडील जुने मुलकी अधिकारी, ज्यांनीं उटकमंडचें ठाणें वसविलें. सर चार्ल्स फोर्ब्स हे मुंबईचे नामांकित व्यापारी. जनरल ब्रिग्ज हे साताऱ्याचेच माजी रेसिडेंट. सर्वांत आश्चर्याची गोष्ट अशी कीं, ज्या कमिशननें महाराजांना दोषी धरलें, त्याचेच एक सभासद लॉडविक पुढें मालकांच्या सभेंत महाराजांच्या बाजूनें उभे राहिले. आपल्या धन्याविरुद्ध निकाल देणाऱ्यासच साक्षीदार म्हणून उभें करणें यापेक्षां वकिलाचें मोठें यश कोणतें?

दुसरें साधन छापखाना. साताऱ्याच्या प्रकरणावर निवेदनें, पत्रव्यवहार, भाषणांच्या प्रति यांचा एक ढीगच त्या दहा-बारा वर्षांत लंडनमध्यें छापून निघाला. रंगो बापूजी आपल्या नांवापुढें ‘साताऱ्याच्या महाराजांचे अधिकृत वकील’ असें आवर्जून लिहीत, कारण कंपनी नेमका हाच अधिकार मान्य करावयास तयार नव्हती. तिसरें साधन म्हणजे सरकारी दप्तर उघडावयास लावणें. कागद बाहेर येऊं लागले तसतशी पुराव्याची भेगही दिसूं लागली. महाराजांचे दिवाण गोविंदराव यांच्या आई गिरजाबाई यांच्या नांवचा एक अर्ज पुराव्यांत मोठा वजनदार मानला गेला होता. तो त्या बाईंचा नसून कृष्णाजी सदाशिव भिडे नांवाच्या इसमानें रचलेला होता, हें पुढें उघडकीस आलें. ओव्हन्सना हें ठाऊक असूनही त्यांनीं तें वरिष्ठांपासून लपविलें, असा रंगो बापूजींच्या पक्षाचा आरोप होता. १८४५ च्या ऑगस्टच्या २२ व २३ आणि सप्टेंबरच्या २४ तारखेस मालकांच्या सभेंत साताऱ्याच्या प्रकरणावर व ओव्हन्सवरील आरोपांवर वादविवाद झाला, आणि तो पुढें पुस्तकरूपानें छापला गेला.

दैवाची गंमत अशी कीं, ज्या ओव्हन्सची लंडनमध्यें अशी झाडाझडती चालली होती, तो त्याच्या आदल्याच वर्षीं करवीर प्रांतांत कैदी झाला होता. १८४४ त सामानगड, पन्हाळा येथील गडकऱ्यांनीं उठाव केला. दौऱ्यावर असलेले साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स त्यांच्या हातीं सांपडले व पन्हाळगडावर कोंडले गेले. १ डिसेंबर १८४४ रोजीं इंग्रजी फौजेनें तट फोडून पन्हाळा घेतला. गडकऱ्यांनीं शस्त्र उचललें, वकिलानें लेखणी उचलली. त्या दोघांचा एकमेकांशीं संबंध नव्हता. पण दोघांच्याही तक्रारीच्या मुळाशीं एकच गोष्ट होती. परंपरेनें व कराराने चालत आलेला हक्क नवें सरकार एका हुकुमानें पुसून टाकूं पाहत होतें.

गडकऱ्यांचा उठाव कांहीं महिन्यांत मोडला. वकिलाचा प्रयत्न चौदा वर्षें चालला. तरी तोही फसलाच. तो कां फसला, हें समजून घेणें जरूर आहे. ज्या मालकांच्या सभेंत एवढीं भाषणें झालीं, तिच्या हातीं १७८४ च्या कायद्यापासून निर्णय फिरविण्याची सत्ताच उरलेली नव्हती. डायरेक्टरांनीं ठरविलेली व बोर्ड ऑफ कंट्रोलनें मान्य केलेली गोष्ट मालकांना बदलतां येत नसे. म्हणजे जें दार सर्वांत मोकळें, त्याच्या आंत तिजोरी नव्हती. बोर्डाचे अध्यक्ष हॉबहाउस यांनीं आपला एकदां दिलेला निर्णय कधींच सोडला नाहीं. कंपनीचें ठराविक उत्तर तर याहून चमत्कारिक असे: अर्ज करावयाचा तो मुंबई सरकारमार्फत करा. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच हातून फिर्याद पाठवावयाची! पार्लमेंटांत ह्यूम यांनीं १८४७ सालीं हा प्रश्न मांडला. पण हिंदुस्थानचा विषय निघाला कीं तेथील बांकें रिकामीं होत, हा नेहमींचाच अनुभव होता.

वकिलाच्या बाजूची एक उणीवही सांगितली पाहिजे. रंगो बापूजींच्या पक्षानें आपला बहुतेक जोर ओव्हन्स या एका माणसाच्या दुष्कृत्यांवर खर्च केला. माणसावर आरोप केला कीं सभा रंगते, वर्तमानपत्रांना खाद्य मिळतें; पण सर्व अधिकारीवर्ग त्या माणसाभोंवतीं कडें करून उभा राहतो. तहाचा मूळ प्रश्न या गदारोळांत झांकला गेला. तो पुनः पुढें आला, पण फार उशिरां आला.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजीं प्रतापसिंह महाराज काशी येथें वारले. धनी गेला, पैशाचा ओघ आटला. तथापि राण्या व दत्तक पुत्र यांच्या वतीनें वकिलानें काम पुढें चालू ठेविलें. तितक्यांत ५ एप्रिल १८४८ रोजीं साताऱ्यास शहाजी महाराजही वारले. मृत्युशय्येवर त्यांनीं यथाशास्त्र दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क व साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर या दोघांचेंही मत गादी चालवावी असें पडलें. पण गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या मतें साताऱ्याचें राज्य इंग्रजांनींच निर्माण केलेलें, म्हणून औरस वारस नसतां तें निर्माण करणाराकडे परत जावयास पाहिजे होतें. तहांतील ‘वारस व उत्तराधिकारी’ या शब्दांत दत्तकाचा समावेश होतो कीं नाहीं, एवढ्या एका प्रश्नावर एक राज्य तोललें गेलें. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें उत्तर स्पष्ट होतें, पण तराजू शास्त्र्यांच्या हातीं नव्हता. १८४९ च्या जानेवारींत डायरेक्टरांनीं खालसा करण्यास मान्यता दिली. टकर यांच्यासारख्या कांहीं अनुभवी डायरेक्टरांनीं तीव्र विरोध नोंदविला, आणि एल्फिन्स्टन साहेबांसारख्या वृद्ध मुत्सद्द्यालाही ही गोष्ट अन्यायाची वाटली. साताऱ्याचा हा पायंडा पुढें झांशीला लागू झाला, नागपूरला लागू झाला.

१८५३ सालीं कंपनीच्या सनदेची मुदत वाढविण्याचा प्रसंग आला. तो वकिलाचा अखेरचा आशातंतु होता. तोही तुटला. कर्जानें गांजलेल्या या माणसाचीं देणीं फेडण्यास कंपनीनेंच शेवटीं पैसा दिला व परतीच्या प्रवासाची सोय केली. ज्या कंपनीविरुद्ध तो चौदा वर्षें लढला, तिच्याच खर्चानें तो घरीं आला. कंपनीच्या मनांत दया होती, कीं एक नकोसा माणूस लंडनांतून जावा अशी इच्छा होती? दोन्ही असणें शक्य आहे. याच सुमारास नानासाहेब पेशव्यांचा वकील अजीमुल्ला खान हाही लंडनला जाऊन हात हालवीत परत फिरला होता.

पुढील भाग रक्ताचा आहे. १८५७ च्या उन्हाळ्यांत साताऱ्यास कट उघडकीस आला व त्याचे धागेदोरे रंगो बापूजींपर्यंत पोहोंचले. ते निसटले. प्रतापसिंहांचें कुटुंब साताऱ्याहून हलविण्यांत आलें. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहांत शासन झालें. पांच जण फांसावर गेले, सहांना तोफेच्या तोंडीं दिलें, सहांना गोळ्या घातल्या. त्या सतरांत वकिलाचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजींचा मात्र सरकारला थांग लागला नाहीं.

करवीरही त्या वर्षीं शांत राहिलें नाहीं. ३१ जुलै १८५७ च्या रात्रीं कोल्हापुरांतील २७ व्या पलटणींत बंडाळी झाली. डिसेंबरांत पुनः शहराचे दरवाजे बंद झाले आणि कर्नल जेकब यानें ते फोडून उठाव मोडला. महाराजांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांच्यावर सरकारचा संशय होता; त्यांना कराचीस नेऊन ठेविलें व तेथेंच १८६९ त ते वारले. कोल्हापुरांत त्यांच्या नांवाचा चौक आहे. बाबासाहेब महाराज मात्र सरकारशीं एकनिष्ठ राहिले.

बंडाचा धुरळा बसल्यावर राज्यकर्त्यांनीं हिशेब मांडला. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यांत संस्थानिकांशीं झालेले तह पाळण्याचें वचन आलें. त्यामागून दत्तकाच्या सनदा आल्या. १८६२ त करवीरकर महाराजांनाही ती मिळाली. चारच वर्षांनीं बाबासाहेब महाराजांनीं राजाराम महाराजांना दत्तक घेतलें, तेव्हां साताऱ्यास जो प्रश्न राज्य गिळून बसला, तो कोल्हापुरांत उपस्थितच झाला नाहीं. ती सनद रंगो बापूजींनीं मिळविली असें म्हणणें इतिहासाला सोडून होईल. ती सत्तावन सालानें मिळविली. पण तहाचा शब्द मोडला तर किंमत कोण देतो, हें ज्या वादानें प्रथम छापील कागदावर आणलें, तो वाद साताऱ्याचा होता, व तो चौदा वर्षें जिवंत ठेवणारा माणूस रंगो बापूजी होता. सरकारला पटलें तें भीतीनें पटलें. वकिलानें तें युक्तिवादानें पटवूं पाहिलें होतें. त्या वेळीं ऐकलें असतें तर गेंडामाळावरील सतरा वधस्तंभांची गरज पडली नसती, असें म्हणण्यास जागा आहे.

राहतां राहिली या माणसाची लोकांतील प्रतिमा. ती त्याची त्याला कधीं घडवितां आली नाहीं. प्रत्येक पिढीनें ती आपल्या हातानें रंगविली. लंडनमधील त्याच्या मित्रांना तो अन्यायानें पीडिलेल्या राजाचा स्वामिनिष्ठ सेवक वाटला. कंपनीच्या कचेरीला तो धन्याचा पैसा उधळून खोट्या आशा विकणारा कारस्थानी वाटला. सत्तावनानंतर इंग्रज इतिहासकार के यानें त्याला अजीमुल्लाच्या पंगतीला बसविलें, आणि आपण लंडनांत अशा माणसांना मोकळें हिंडूं दिलें याचा जणू मागाहून पश्चात्ताप केला. सावरकरांच्या १९०९ त प्रसिद्ध झालेल्या सत्तावनच्या इतिहासांत तो स्वातंत्र्ययुद्धाचा सूत्रधार झाला. आणि १९४८ सालीं प्रबोधनकार ठाकरे यांनीं प्रतापसिंह छत्रपति व रंगो बापूजी यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या स्वामिसेवकांची कहाणी महाराष्ट्रापुढें मांडली. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें आणि दत्तकाच्या ज्या प्रश्नानें राज्यें बुडविलीं वा तारलीं, तो प्रश्नही राजकारणांतून निघून गेला.

बंडखोर म्हणून रंगो बापूजींचा गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचीं चौदा वर्षें अर्ज, भेटी, छापील पत्रकें आणि सभागृहांच्या पायऱ्या यांत गेलीं. बंडाच्या वाट्याला आलीं तीं शेवटचीं थोडीं वर्षें. परक्या शहरांत, परक्या हवेंत, परक्या कायद्याच्या शब्दांनीं, ज्यांनीं अन्याय केला त्यांच्याच माणसांना तो अन्याय दाखवून देणें, व एकदां नकार मिळाला कीं दुसऱ्या दिवशीं पुनः त्याच दारीं जाणें, याला लागणारें धैर्य तलवारीच्या धैर्याहून वेगळें असलें तरी कमी नाहीं. ज्या राज्यांत अशा माणसाचें म्हणणें ऐकण्याची सोय असते पण ऐकून निर्णय बदलण्याची सोय नसते, तें राज्य आपल्या हातानें वकिलाचा बंडखोर करतें. रंगो बापूजींच्या चरित्रांतून निघणारा हा बोध साताऱ्यापुरता अगर त्या शतकापुरता नाहीं.